सगळे जॉब बरोबर

माधवीबद्दल लिहायचं तर आधी हे कबूल करायला हवं की पहिले दहा-अकरा महिने मला ती अजिबात आवडत नव्हती. उद्यमबागेतल्या आमच्या कारखान्यात मी अठ्ठावीस वर्षं लेथवर आहे. आधी हाताचा लेथ होता, आता कंप्युटरचा आहे. आणि ही बेळगुंदीची चोवीस वर्षांची पोरगी, डिप्लोमा करून आलेली, माझा जॉब हातात घेणार, मायक्रोमीटर लावून मान तिरकी करून बघणार आणि मग ठरवणार, की ज्योतिबाचं, म्हणजे माझं, काम चालेल की नाही. जॉब म्हणजे आमच्या भाषेत मशीनवर घडवलेला कुठलाही भाग. माझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान माणसानं तो पास करायचा, हे कुणाला आवडेल?

तिच्याकडे एक शिक्का होता, सात नंबरचा. तपासलेल्या भागाच्या कार्डावर तो हिरव्या शाईत उमटला की भाग पुढे जोडणीला जायचा, नापास भागाला लाल कार्ड लागायचं. त्या शिक्क्यासाठी तिनं घरी काय केलं होतं ते मला पुढे कळलं. घरची रताळ्याची शेती. मुलीनं कारखान्यात जाऊन हात तेलकट करून घेऊ नयेत, असं घरात सगळ्यांचंच मत. स्थळंही येत होती. तिनं वडिलांना सांगितलं, दोन वर्षं द्या, माझ्या नावानं लेखी तक्रार एक जरी आली तरी घरी येईन आणि तुम्ही दाखवाल त्या मुलासमोर बसेन. असली अट घालायला धाडस लागतं किंवा अक्कल कमी लागते. धाडस तिच्यात होतं, अकलेबद्दलचं माझं मत मी तेव्हा राखून ठेवलं होतं.

आम्ही पुण्याच्या एका कंपनीसाठी तेलाचा पंप बनवतो. चार वर्षं झाली. पंपाची बॉडी बिडाची, तिच्यात एकशे वीस मिलिमीटर खोल घर. त्या घरात शाफ्टवर एकावर एक अशा ब्राँझच्या पाच रिंगा बसतात आणि वरून झाकण आवळतात. पाचही रिंगांची जाडी मिळून घराच्या खोलीपेक्षा पंधरा शतांश मिलिमीटर कमी असायला हवी, कारण तेल तापलं की ब्राँझ बिडापेक्षा जास्त फुगतं आणि त्याला जागा लागते. पंधरा शतांश म्हणजे वहीची दोन पानं एकत्र धरली तर होतात तेवढे. आता कुठलाच भाग अगदी आकड्यावर उतरत नाही, म्हणून ड्रॉइंगवर सूट दिलेली असते. प्रत्येक रिंगेला तीन शतांश वर किंवा तीन शतांश खाली, आणि घराच्या खोलीलाही तेवढीच. त्या मर्यादेत बसला की जॉब बरोबर.

गेल्या नोव्हेंबरात पाठवलेल्या साठ पंपांपैकी एकोणीस परत आले. थंड असताना जरा घट्ट पण फिरायचे, तासाभरात तेल तापलं की शाफ्ट जाम. सोबतच्या पत्रात एक वाक्य फार झोंबणारं होतं. आपल्याकडे तपासणी होते का, असं त्यांनी विचारलं होतं.

आमचे मालक सुकुमारअण्णा निपाणीकडचे. घरची तंबाखूची शेती सोडून त्यांनी हा कारखाना उभा केला. ते कधी आवाज चढवत नाहीत, त्यामुळे त्यांची जास्त भीती वाटते. त्यांनी माधवीला बोलावलं आणि टेबलावर एकोणीस पंपांची कार्डं पसरली.

“सगळ्यांवर सात नंबर हाय. पुढच्या शनिवारी त्यांचा इंजिनिअर येणार. तवर चूक कुठं हाय ते दाखव. न्हायतर शिक्का मला काढून घ्यायला लागंल.”

“दाखवते, अण्णा,” ती म्हणाली. रडली नाही, सबब सांगितली नाही. मी कागदावर सही घ्यायला तिथंच उभा होतो. खरं सांगतो, मला थोडं बरं वाटलं.

तिनं एकोणीसच्या एकोणीस पंप खोलले. पंच्याण्णव रिंगा आणि एकोणीस बॉड्या पुसून पुन्हा मोजायला घेतल्या. दोन दिवस ती जेवणाच्या सुट्टीतही उठली नाही. डब्यातलं रताळं एका हातात आणि मायक्रोमीटर दुसऱ्या हातात. तिसऱ्या दिवशी मी तिच्या तपासणीच्या खोलीवरून जाताना मुद्दाम थांबलो.

“काय गं, घावली का चूक?”

“सगळे जॉब बरोबर हाईत, मामा.”

“मग पंप भुतानं अडवलं म्हणायचं,” मी म्हणालो आणि हसत पुढे गेलो.

दुपारी ती माझ्या मशीनपाशी आली. हातात आलेखाचा कागद. नेहमी ती कार्डावर फक्त बरोबरची खूण करायची, ह्या वेळी प्रत्येक रिंगेचा खरा आकडा घेऊन त्याचा ठिपका मांडला होता. मधे शून्याची रेघ, वर आणि खाली तीन शतांशांची एकेक रेघ.

“पाचांतल्या ह्या दोन रिंगा तुमच्या. एकोणीस पंपांत अडतीस झाल्या.”

“एक तरी भायेर हाय?”

“एक बी न्हाय. पर अडतीसच्या अडतीस वरच्या बाजूला हाईत. दोन, अडीच, कुठं तीन. मधल्या रेघंखाली एक ठिपका न्हाय.”

“असणारच की,” मी म्हणालो. “जाड जॉबवर परत एक कट मारता येतो. बारीक झाला की भंगार. जॉब प्लसला ठेवायचा, हे माझ्या वस्तादानं मला पयल्या दिवशी शिकवलं. तुझ्या कॉलेजात शिकवलं नसंल.”

“बाकीच्या तीन रिंगा करणाऱ्यांचं बी असंच हाय. आन् आण्णाप्पामामा बॉडीचं घर बोअर करताना दोन शतांश उथळ ठेवतात.”

“खोल गेलं तर काय तू माती घालून भरणार हाईस?”

“न्हाय. त्येंचं बरोबर हाय, तुमचं बी बरोबर हाय. चला माझ्यासंगं.”

मला जायचं नव्हतं. पण ती उभीच राहिली, आणि मशीनवरची बाकीची माणसं बघायला लागली होती. मी गेलो. तिनं सरफेस प्लेटवर, म्हणजे मोजमापाच्या सपाट पाटावर, एका पंपाच्या पाचही रिंगा एकावर एक रचल्या आणि उंची मोजायचं हाइट गेज लावलं. एकशे एकोणीस पूर्णांक अठ्ठ्याण्णव. मग त्याच पंपाच्या घराची खोली मोजून दाखवली. एकशे एकोणीस पूर्णांक अठ्ठ्याण्णव.

“मोकळीक कुठं हाय, मामा?”

कुठेच नव्हती. तीन टर्नर आणि आण्णाप्पा, आम्ही चौघांनी मिळून, प्रत्येकानं आपापल्या हक्काची दोन-अडीच शतांश सूट वापरून ती खाऊन टाकली होती. मला ते तिथेच समजलं. पण समजलं असं म्हणण्याइतका मी मोठ्या मनाचा नव्हतो. “आधी हाइट गेज तपासून आण,” असं म्हणून मी पाठ फिरवली.

सुकुमारअण्णांना तिनं तेच निराळ्या तऱ्हेनं सांगितलं. “अण्णा, भावाभावांची लागून शेतं हाईत समजा. प्रत्येकानं बांध चार बोटं सरकवला. चार बोटांसाठी कोण कोर्टात जात न्हाय. पर शेवटच्या भावाला नांगर वळवायला जागा ऱ्हात न्हाय. पुण्याच्या लोकांनी कागद करताना धरलंय की कुणाचं वर जाईल, कुणाचं खाली, आन् एकमेकांत फिटून जाईल. आपल्यात खाली कोण जातच न्हाय.”

अण्णा शेतकऱ्याचं पोर. बांध म्हटल्यावर त्यांना आणखी सांगावं लागलं नाही. “हौदु, हौदु,” असं कन्नडमध्ये हो-हो म्हणत मान हलवत राहिले. मग त्यांनी नेमका प्रश्न विचारला. “मग चार वर्षं कसं चाललं?”

त्यासाठी तिनं जुनी रजिस्टरं काढली. दसऱ्यापर्यंतचे सगळे पंप आमच्या जुन्या फिटरनं, मष्णूनं, जोडलेले होते. दसऱ्याला तो निवृत्त झाला आणि त्याच्या जागी आयटीआय झालेला स्वरूप आला. जाम झालेले सगळे पंप स्वरूपनं जोडलेले. कारखान्यात लगेच कुजबुज सुरू झाली की मग चूक स्वरूपचीच. माधवीला सुटायची ही चांगली वाट होती. तिनं ती घेतली नाही.

“स्वरूपनं कागदावर लिवलंय तसंच केलंय. मष्णूमामा कागदावर न्हाय असं कायतरी करत असणार. मला त्यांच्याकडं न्या, मामा.”

मष्णू आमच्या पिरनवाडीतला, माझ्या घरापासून चौथं घर. संध्याकाळी पाळी सुटल्यावर मी तिला घेऊन गेलो, तेही कुरकुरत. मष्णू म्हशीपुढे पेंड ठेवत होता. तिनं विचारल्यावर त्याला नवलच वाटलं.

“घासत हुतो की! काचेवर पॉलिश पेपर आथरायचा, वर रिंग ठेवायची आन् आठाचा आकडा काढत फिरवायची. शाफ्ट हाताला मोकळा लागला की थांबायचं.”

“प्रत्येक पंपाला?”

“घट्ट लागंल त्येला. म्हंजे बहुतेक सगळ्यांनाच.”

“कुणाला सांगितलं का न्हाय?”

“त्यात सांगायचं काय? टर्नर जाड ठेवतोय, फिटर घासतोय. असंच असतंय.” मग माझ्याकडे बघून तो हसला. “आन् ह्येला सांगितलं असतं तर चार दिवस माझ्याशी बोलला नसता.”

ते खरं होतं. पण मला हसू आलं नाही. चार वर्षं माझ्या ज्या रिंगांवर एक लाल कार्ड लागलं नाही म्हणून मी मिरवत होतो, त्या हा माणूस गुपचूप काचेवर घासून बसवत होता. घरी जाऊन मी नीट जेवलो नाही. बायकोनं विचारलं तर तिच्यावरच खेकसलो.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी सोपा तोडगा काढला. “मष्णू चार दिवस यायला तयार हाय. घासून पंप तयार करूया. शनिवार भागंल, आयितु, विषय संपला.”

मला ते पटलं. आण्णाप्पालाही पटलं. सगळ्यांची इज्जत शाबूत आणि तिचा शिक्काही शाबूत. आणि ही पोरगी म्हणाली, “न्हाय.”

“का न्हाय?”

“मष्णूमामांच्या हातात हाय ते कागदावर न्हाय, अण्णा. पुढच्या महिन्यात त्येंचा गुडघा दुखला तर? परत एकोणीस येतील, आन् परत सात नंबरच खाली मान घालून उभा ऱ्हाईल. मला नवे सहा पंप पायजेत. सगळे भाग मधल्या रेघंवर केलेले. कुणी प्लसला ठेवायचं न्हाय.”

“शनिवारपातुर? आन् न्हाय जमलं तर?”

“तर शिक्का घ्या.”

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी केलं तर बाकीचे करतील, हे त्यांना ठाऊक होतं. मी मशीनकडे गेलो. ती मागोमाग स्टूल घेऊन आली आणि माझ्या मशीनशेजारी बसली.

मला रागच इतका आला होता की ऑफसेटमधून, म्हणजे मशीनला भरून दिलेल्या मापातून, अडीच शतांश कमी करायचे ते मी दोनदा केले. पहिली रिंग उतरली. मी तिथंच मोजली, अडीच शतांश खाली. खाली, पण मर्यादेत. मी ती तिच्या हातात आदळली. “घे. आता वर न्हाय, खाली हाय. मार हिरवा.”

तिनं रिंग गालाला लावली. “ऊन हाय, मामा. गार होऊ द्या.”

अर्धा तास तिनं ती सरफेस प्लेटवर ठेवली. मग मोजली. गार झाल्यावर ब्राँझ आणखी एक शतांश आकसलं होतं. साडेतीन खाली, म्हणजे मर्यादेच्या बाहेर. तिनं लाल कार्ड घेतलं, माझं नाव लिहिलं आणि रिंगेला बांधलं. अकरा वर्षांतलं माझं पहिलं लाल कार्ड, आणि तेही तिच्याच हट्टापायी केलेल्या जॉबला.

“तुझ्यासाठी केला गं तो!” मी ओरडलो. सगळी मशीनं चालू असूनही लोकांना ऐकू गेलं.

“माझ्यासाठी केला म्हणून हिरवा मारू व्हय?” ती म्हणाली. “तसला हिरवा मारायचा असता तर मष्णूमामांनाच बोलवलं असतं की.”

मी तोंड धुवायला गेलो आणि बराच वेळ नळापाशी उभा राहिलो. मला त्या पोरीचा संताप येत होता आणि आपण तिला इतके दिवस ओळखलंच नाही ह्याची लाजही वाटत होती. दोन्ही एकदमच वाटत होतं. परत येऊन मी ऑफसेट नीट घातला, नवं टूल लावलं, आणि तिला म्हणालो, “स्टूल जरा लांब घे, चिप उडतीया.”

गुरुवारी आणि शुक्रवारी मी बारा रिंगा केल्या. प्रत्येक रिंग गार करूनच मोजायची, हा तिचा नियम मी पाळला. बाराही मधल्या रेघेच्या एक शतांश वरखाली. माझं बघून बाकीच्या दोघा टर्नरांनीही मुकाट्यानं तसं केलं. आण्णाप्पानं घर बोअर करताना शेवटचा कट मारण्याआधी देवाचं नाव घेतलं, ते मी ऐकलं. तिनं प्रत्येक पंपाच्या रिंगा रचून मोजल्या. एकशे एकोणीस पूर्णांक चौऱ्याऐंशी ते सत्त्याऐंशी. स्वरूपनं काहीही न घासता सहाही पंप जोडले.

शनिवारी पुण्याचा इंजिनिअर आला. गोमटेश त्याचं नाव, मूळचा सदलग्याचा. त्यामुळे अण्णांशी कन्नडमध्ये आणि आमच्याशी मराठीत बोलत होता. सहाही पंप सत्तर अंशांच्या तेलावर तीन तास चालवले. आम्ही सगळे उभे. तीन तासांनी त्यानं एकेक पंप बंद करून शाफ्टला हात लावला. सहाही शाफ्ट दोन बोटांनी फिरले. माधवी भिंतीला टेकून खाली बसली, तेवढीच.

पण गोमटेशला एक कागद भरून हवा होता. कारण काय, जबाबदार कोण, खाली सही. अण्णा हळूच म्हणाले, “तपासणीतली चूक, असं लिहूया. एका ओळीत भागतंय. माधवी, तुझ्या नोकरीला धक्का न्हाय, मी शब्द देतो. फक्त कागदावर.”

अण्णांना घरची अट माहीत नव्हती. मला ती पिरनवाडीहून परत सोडताना तिनं सांगितली होती. तिच्या नावानं लेखी तक्रार म्हणजे तिचा खेळ तिथंच संपला. आणि ती लपवणारी नव्हती, स्वतः वाचून दाखवली असती वडिलांना.

ती उठली, खिशातून शिक्का काढून टेबलावर ठेवला. “मी चुकले ते मी सांगते, अण्णा. मी एकेक भाग आत हाय का भायेर एवढंच बघत गेले, सगळे मिळून कुठं कललेत ते बघितलं न्हाय. ते लिवा. पर मी वाईट भाग पास केले असं लिवायचं असंल तर खोटं हाय. खोट्यावर हा शिक्का मारणार न्हाय मी. ठेवून जाते.”

खोलीत माझ्यापेक्षा जास्त शिकलेली चार माणसं होती. बोललो मी.

“मी प्लसला ठेवतो,” मी गोमटेशला म्हणालो. “अठ्ठावीस वर्षं ठेवतोय. माझं नाव लिवा.”

“मी बी उथळ ठेवतो,” मागून आण्णाप्पा म्हणाला.

गोमटेशनं पेन खाली ठेवलं. माधवीचा आलेखाचा कागद उचलून बघितला. मग म्हणाला, “ह्या पंपाची बेरीज मीच केलती. निम्मे वर जातील, निम्मे खाली, असं धरून. सदलग्यात माझा काका लेथवर हाय. तो बी प्लसलाच ठेवतो. मला ठाऊक पायजे हुतं.” त्यानं भरायचा कागद ओढला आणि लिहिलं, प्रत्येक भाग मर्यादेत, बेरीज करताना धरलेलं गृहीत चुकीचं. जबाबदार ह्या रकान्यात त्यानं स्वतःचं नाव घातलं. शिक्का अण्णांनी उचलला आणि तिच्यापुढे सरकवला.

त्याला आता आठ महिने झाले. तिची दोन वर्षं संपायला अजून पाच महिने आहेत आणि बेळगुंदीला एकही कागद गेलेला नाही. कार्डावर आता बरोबरची खूण चालत नाही, आकडा लिहावा लागतो. त्या शनिवारनंतरच्या सोमवारी सकाळी ती माझ्या मशीनवर आली आणि चार रिंगा परत ठेवल्या. चारही मर्यादेत होत्या, पण चारही दोन शतांश वर. जुना हात, दुसरं काय!

“मामा, परत एक कट मारा.”

मी तिला मनातल्या मनात एक शिवी घातली आणि चारही रिंगा पुन्हा मशीनला लावल्या.